आईची झोपेची गोळी एकदम बंद केली तर चालेल का?

"मॅडम, आईच्या झोपेच्या गोळ्या मी फेकूनच दिल्या, बरोबर केलं ना?" असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते, कधी फेकल्या आणि आई आत्ता कशा आहेत.

नाशिकरोडच्या एक काकू, वय ७२ (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). काका प्रेसमधून रिटायर झालेले, सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी लिहून दिली होती ती सहा वर्षं चालली, जुनी चिठ्ठी, ओळखीचं मेडिकल, झालं. खरं तर ही गोळी शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीतली, २०१४ पासून दुकानदाराला हिची वेगळी रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, पण काकूंना कुणी कधी काही विचारलंच नाही.

मग मुलीने मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि सगळ्या स्ट्रिप कचऱ्यात. तिसऱ्या रात्री काकूंचे हात थरथरायला लागले, घाम, धडधड, रात्रभर घरात येरझाऱ्या. मुलगी म्हणाली, "बघा, व्यसनच लागलंय हिला." काकू खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसल्या होत्या, मला फार वाईट वाटलं.

हे व्यसन नाही हो. रोज घेऊन घेऊन शरीराला सवय होते, आणि एकदम बंद केली की फिटचे झटकेसुद्धा येऊ शकतात. मी समुपदेशक, गोळी कमी-जास्त करणं माझं काम नाही, त्याच दिवशी त्यांना मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळी परत सुरू केली आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत नेली, मध्ये त्रास झाला तर तिथेच थांबायचं.

पण मुलीची काळजी खोटी नव्हती. वय झालं की औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, सकाळी डोकं जड, विसरायला होतं, तोल जातो. काकू पहाटे तीनला बाथरूमला जाताना पडल्या होत्या तेव्हा घरात सगळे फरशी ओली होती म्हणाले, गोळीवर कुणाला शंकाच आली नाही.

तिसऱ्या भेटीत काकू बोलल्या. काका झोपेतच गेले होते. सकाळी उठून काकूंनी दोन कप चहा टाकला, हाक मारली, आणि मग कळलं. तेव्हापासून डोळा लागायला लागला की भीती वाटायची, आपण झोपलो की काहीतरी होतं. गोळी घेतली की विचार यायच्या आत झोप लागायची, एवढंच. सहा वर्षांत हे घरात कुणाला माहीत नव्हतं, मुलगी तिथेच रडायला लागली.

त्यानंतर आम्ही जास्त त्या सकाळीबद्दलच बोललो. बाकी साधंच, साडेआठला अंथरुणात पडायच्या त्या अकराला जायला लागल्या, दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळचा दुसरा चहा बंद. नात काही दिवस त्यांच्या खोलीत झोपली.

पाच महिने झाले, काकू सध्या पाव गोळीवर आहेत. मध्ये काकांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात दोन रात्री अजिबात झोप नव्हती, डॉक्टर म्हणाले या महिन्यात आहे तेवढीच राहू दे. मुलगी आता रोज स्ट्रिप मोजत नाही, रात्री आईजवळ थोडा वेळ बसते.