पारा ‘बीडीएल’ आला म्हणून खाचरात भात लावू नका

बंद पडलेल्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याच्या खालच्या अंगाची जमीन, खोलगट भागात भात, वरकस तुकड्यावर आंबा, आणि हातात माती तपासणीचा ‘पारा : बीडीएल’ (म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याहून कमी) असा अहवाल. तुमची पोस्ट वाचताना आमचीच फाईल उघडल्यासारखं वाटलं. आता भात लावू का, असं पेरणीआधी विचारलंत हे बरं केलंत.

तिथे पारा आला कुठून, हे तुम्हाला ठाऊक असणारच : जुन्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पारा वापरायचे. आधी अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात मोजमर्यादा, म्हणजे कमीत कमी किती पारा मोजता येतो तो आकडा, दिलेली असते ती बघा. आमच्या अहवालात ती किलोमागे 10 मिलिग्रॅम होती. म्हणजे मातीत 9 असता तरी ‘बीडीएल’च! कॅनडात शेतीच्या आणि राहत्या जमिनीला 6.6, व्यापारी जागेला 24 आणि औद्योगिक जागेला 50 अशी मर्यादा आहे. माती तीच, पण गोदामाला चालेल ती शेताला चालेलच असं नाही. प्रयोगशाळेला फोन केला तर उत्तर काय, “काका, रिपोर्ट नॉर्मल आहे.” खोदून विचारल्यावर कळलं की नमुना भट्टीत 105 अंशांवर वाळवला होता. अहो, पारा उडून जातो त्यात! पैसे घेऊन पारा उडवायचा आणि वर ‘नाही’ म्हणून शिक्का मारायचा. त्या कागदाच्या भरवशावर आम्ही भात लावला, खाल्ला, पाहुण्यांनाही बांधून दिला.

तेव्हा पैसे भरण्याआधीच लेखी मागा : माती सावलीत किंवा 40 अंशांच्या आत वाळवणार, तपासणी कोल्ड व्हेपर (पाऱ्याची वाफ करून मोजायच्या) पद्धतीने करणार, मोजमर्यादा अमुक. का कू केलं तर सरळ दुसरीकडे जा. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका, तिच्या 12 घटकांत पारा नाहीच. आणि खोलगट भागाची माती वरच्या मातीत कालवून एकच नमुना देऊ नका, सरासरीत सगळं लपतं.

मी शेतकरी आहे, रसायनतज्ज्ञ नाही, तेव्हा शेवटचा शब्द जाणकाराचा. पण माझं मत विचाराल तर नीट तपासणी होईपर्यंत खाचर नकोच. पाणी साचून चिखलात हवा खेळेनाशी झाली की तिथले जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. तो जास्त घातक, आणि भात तो दाण्यापर्यंत उचलतो. चीनमधल्या ग्वेइझोऊ प्रांतात, वानशानच्या पारा खाणींच्या भागात, लोकांच्या पोटात हा पारा माशांपेक्षा भातातून जास्त जातो असं आढळलंय. त्यामानाने आंबा बरा. फक्त उतारावर नांगर कमी घाला, बांध धरा, नाहीतर पावसात माती वाहून पुन्हा खोलगटातच येणार.

राबही भाजू नका, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळू नका. पानं हवेतला पारा धरून ठेवतात, जाळली की तो परत हवेत, आणि धुरात उभे आपणच.

जाता जाता घाटावरच्या मंडळींसाठी : उसाचं बेणं ज्या एमिसानमध्ये बुडवायचे ते पाऱ्याचंच औषध, 2018 पासून बंदी आहे. गोठ्यात जुनं पाकीट सापडलं तर ‘वाया कशाला घालवा’ म्हणून वापरू नका, आणि शेतात पुरूही नका.