घटक चाचणीचे मार्क रजिस्टरमध्ये भरले, आता शिकवण्यात त्याचा उपयोग कसा करायचा?

तुमची अडचण अशी दिसतेय की चौथीचे पेपर तपासून झाले, मार्क भरले, पण उद्या वर्गात काय शिकवायचं ते त्यातून कळत नाहीये. मी मुंबईत प्राथमिकलाच शिकवते आणि माझं सरळ मत आहे, मार्क सोडा, चुकलेली उत्तरं वाचा.

हेच बघा, ४०२ वजा १७८. उत्तर २२४. पण कोणी ३७६ लिहितं, कोणी २३४, आणि मार्क दोघांनाही शून्यच. ३७६ वाला प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करून मोकळा झालाय, म्हणजे हातचा कशासाठी घ्यायचा हेच त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. २३४ वाल्याला हातचा येतो, फक्त मधे शून्य असलं की शतकाकडून आलेल्या दहा दशकांतला एक एककाला दिल्यावर नऊ उरतात हे विसरून तो दहाच धरतो. आता दोघांना फळ्यावर तेच गणित परत सोडवून दाखवून काय होणार? २३४ वाल्यांना मधे शून्य असलेली चार-पाच गणितं दिली की बहुतेकांचं जमतं. ३७६ वाल्यांना मी खेळातल्या नोटा देते, चारशे दोन रुपयांतून एकशे अठ्ठ्याहत्तर दुकानदाराला दे म्हणते, मग शंभराची नोट सुट्टी केल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही, आणि सुट्ट्यांची कटकट मुंबईच्या पोरांना काय नवीन आहे!

सगळा पेपर असा बघत बसू नका, वेळ नसतो. दोनच प्रश्न घ्या, कागदावर चुकीचं उत्तर लिहून खाली रोल नंबर टाका, गट आपोआप पडतात. अर्धा वर्ग एकाच चुकीत असेल तर पाठ सगळ्यांनाच नव्याने घ्या, पाच-सहाच असतील तर बाकीच्यांना स्वाध्याय देऊन त्यांच्याजवळ बसा. आकारिक मूल्यमापनातलं, म्हणजे शिकवता शिकवता मुलांची प्रगती बघण्यातलं, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम खरंतर यासाठीच आहे, पण सत्र संपताना एका बैठकीत त्या नोंदी कशा भरल्या जातात ते आपल्याला माहितीच आहे.

आणि वहीत मार्क नि शेरा दोन्ही देऊ नका, पोरं मार्क बघून वही मिटतात. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासातही नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे सरकली, शेऱ्यासोबत मार्क मिळालेली नाही.

चार दिवसांनी नोटावाल्या गटाला चिठ्ठीवर एकच गणित द्या, ५०३ वजा २६७. ३६४ आलं तर परत नोटा काढायच्या.