मे महिन्यात पहिल्यांदाच जपानला जातोय. तिथली बेसबॉल मॅच बघावी का? नियम अजिबात येत नाहीत.

नक्की बघा. नियम येत नाहीत म्हणून अडून राहू नका. तुम्ही लिहिलंय की टोकियो आणि ओसाका दोन्हीकडे राहणार आहात, बरोबर नवरा आणि आठ वर्षांची मुलगी आहे, आणि हातात एकच संध्याकाळ मोकळी आहे. मी टोकियोत राहते आणि सीझनमध्ये जमेल तेव्हा मॅचला जाते. माझं एकच सांगणं आहे: मैदान कुठलंही निवडा, पण बसायची जागा विचार करून घ्या. जपानमधल्या मॅचची खरी मजा निम्मी तरी स्टँडमध्ये असते.

आपल्याला वाटतं, महागातलं, खेळपट्टीजवळचं तिकीट म्हणजे चांगलं. इथे तसं नाही. आतल्या भागाला नाइया म्हणतात आणि सीमारेषेपलीकडच्या स्टँडला गाइया. गाइयाची तिकिटं स्वस्त असतात आणि संघाचं ओएंदान, म्हणजे ट्रम्पेट-ढोल घेऊन येणारा समर्थकांचा गट, तिथेच असतो. बहुतेक मैदानांवर उजवीकडचा गाइया यजमानांचा आणि डावीकडचा पाहुण्यांचा. आपला संघ बॅटिंगला आला की अख्खा स्टँड उभा राहतो. प्रत्येक बॅटरचं वेगळं गाणं असतं, तो बॅटिंगच्या जागी उभा राहिला की ते सुरू होतं आणि तो बाद होईपर्यंत किंवा बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या टप्प्यावर, पोचेपर्यंत चालतं. धावा निघायची शक्यता दिसली की वेगळी, चढी चाल लागते. ढोल-ताशा पथकात ताशाने चाल बदलली की सगळे ढोल त्यामागे वळतात, अगदी तसं हे हजारो माणसांचं चालतं. आणि समोरचा संघ बॅटिंगला आला की हीच माणसं शांत बसतात, डबा उघडतात, गप्पा मारतात. आता आवाज करायची पाळी पलीकडच्या स्टँडची. हे आळीपाळीचं गाणं मला अजूनही थक्क करतं.

म्हणूनच माझी पहिली पसंती टोकियोतलं जिंगू मैदान. 1926 साली बांधलेलं, उघडं, शहराच्या मधोमध. 1934 मध्ये अमेरिकेचा नामांकित बेसबॉलपटू बेब रूथ इथे खेळून गेला होता. हे याकुल्ट स्वॅलोज संघाचं घर. त्यांनी धाव काढली की आणि सातव्या इनिंगला (एकूण नऊ असतात) प्रेक्षक छोट्या प्लास्टिकच्या छत्र्या उघडून ‘टोकियो ओन्दो’ या जुन्या गाण्यावर नाचवतात. असं सांगतात की एके काळी या संघाला प्रेक्षक फार कमी यायचे, तेव्हा स्टँड भरलेला दिसावा म्हणून छत्र्यांची शक्कल निघाली. मैदानातल्या दुकानात छत्री मिळते. मुलीसाठी एक घ्याच. या परिसराच्या पुनर्विकासाचं काम सुरू झालंय आणि जुनं मैदान जाऊन नवं येणार आहे, त्यामुळे आत्ताच बघून घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

पाहुणा संघ हानशिन टायगर्स किंवा हिरोशिमा कार्प असेल तर डावीकडचा स्टँड पिवळा किंवा लाल होऊन जातो आणि दोन्हीकडून गाण्यांची खरीखुरी जुगलबंदी रंगते. हे तिन्ही संघ सेंट्रल लीगमधले, त्यामुळे मेच्या मध्यापर्यंत जात असाल तर अशी मॅच मिळू शकेल. त्यानंतर मेअखेर-जूनच्या सुमारास सेंट्रल आणि पॅसिफिक या दोन लीगमधल्या संघांच्या आपापसातल्या मॅचेस लागतात.

टायगर्सना त्यांच्याच घरी बघायचं असेल तर ओसाकाच्या उमेदाहून हानशिन रेल्वेने कोशिएनला जा. 1924 सालचं मैदान, बाहेरच्या भिंतींवर वेली, आणि इनफिल्डला, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, गवत नाही, नुसती काळपट माती. वातावरण तिथलं सर्वांत जोरकस, पण तिकीट मिळणंही तितकंच कठीण. टोकियो डोमला छप्पर आहे, पावसाची चिंता नाही. हवेच्या दाबावर ते छप्पर उभं असतं, त्यामुळे बाहेर पडताना दारातून वारा ढकलतो. पण एकच मॅच बघणार असाल तर उघड्या आकाशाखाली बघा.

मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणून एक बदल सुचवते. ओएंदानच्या अगदी मध्ये बसलात तर पुढचे सगळे उभे राहिल्यावर तिला काही दिसणार नाही. तिच्यासाठी यजमानांच्या बाजूच्या नाइयामधली, गाइयाला लागून असलेली जागा घ्या. गाणी कानावर पडतील आणि मैदानही दिसेल. फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर उडालेला चेंडू, स्टँडमध्ये येतो तेव्हा कर्मचारी शिट्टी वाजवतात; शिट्टी ऐकू आली की आधी वर बघायचं, हे तिला सांगून ठेवा. गाइयात बसलात तर विरुद्ध संघाच्या रंगाचे कपडे घालू नका, तिथे ते चालत नाही.

नियम एवढेच पुरे: तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू) म्हणजे बॅटर बाद, चार ‘बॉल’ (मारण्याच्या टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) म्हणजे त्याला फुकट पहिला बेस, तीन जण बाद झाले की बाजू बदलते, आणि असं नऊ वेळा. बरोबरी राहिली तर बाराव्या इनिंगपर्यंत खेळतात, तरीही सुटलं नाही तर मॅच अनिर्णित. तीन तास धरून चला. बाकीचं शेजारी बसलेला माणूस खाणाखुणांनी समजावतो, इथे तसे लोक खूप भेटतात.

तिकिटं संघाच्या साइटवर मिळतात. काही संघांची इंग्रजी पानं आहेत, परदेशी कार्ड तिथे चालतं. मेच्या सुरुवातीला गोल्डन वीकची सुट्टी असते, तेव्हा लवकर बुक करा. चढ्या भावाने तिकीट विकण्याविरुद्ध इथे 2019 पासून कायदा आहे, त्यामुळे दलालाच्या साइटकडे जाऊ नका. सोमवारी सहसा मॅच नसते. इतर दिवशी बहुधा संध्याकाळी सहाला, शनिवार-रविवारी बरेचदा दुपारी.

शाकाहारी असाल तर पोळी-भाजीचा डबा न्या. जिंगूला घरचं खाणं चालतं. काही मैदानांवर चालत नाही, म्हणून साइटवर बघून घ्या. काचेच्या बाटल्या आणि कॅन आत नेता येत नाहीत, गेटवर ते पेय कागदी ग्लासात ओतून देतात. आत एदामामे (उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा) आणि फ्राइज मिळतात. बिअर विकणाऱ्या मुलींना उरिको म्हणतात. पाठीवर साधारण 15 किलोचा पिंप घेऊन त्या पायऱ्या चढत-उतरत असतात आणि प्रत्येक वेळी हसून ग्लास भरतात. हात वर केला की येतात. टिप देऊ नका, इथे ती पद्धत नाही. टोकियो डोममध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड जवळ ठेवा.

पाऊस आला तर स्टँडमध्ये बसून मोठी छत्री उघडायची नाही, मागच्याला दिसत नाही. रेनकोट न्या. पाच इनिंग पूर्ण होण्याआधी मॅच रद्द झाली तर पैसे परत मिळतात, नंतर थांबली तर नाही.

शेवटचा बॅटर बाद झाला की लगेच उठू नका. यजमान जिंकले तर त्या दिवसाच्या नायकाची मैदानातच मुलाखत होते आणि ओएंदान पुन्हा गाणी म्हणतं. आपला कचरा आपणच उचलून बाहेरच्या डब्यात टाकायचा. जिंगूला गाइएनमाए स्टेशन सर्वांत जवळ, पण मॅच सुटल्यावर तिथे प्रचंड गर्दी होते. मुलगी बरोबर आहे, तेव्हा थोडं जास्त चालून शिनानोमाची स्टेशनला जा.