सबळ की दुर्बळ? आधी एवढंच बघ

स्पर्धा परीक्षेतले विधान-युक्तिवादाचे प्रश्न चुकताहेत? म्हणजे दिलेल्या विधानावरचा युक्तिवाद सबळ की दुर्बळ, ते ठरवायचे प्रश्न. माझेही चुकायचे, कारण मी स्वतःच्या मताला टिक करायचो.

विधान घे: जिल्ह्यात दारूबंदी करावी का?

- 'हो, दारू वाईटच.' दुर्बळ. हे कारण नाही, नुसतं मत झालं.
- 'हो, गुजरातेत आहे ना!' दुर्बळ. तिथे आहे म्हणून इथे का?
- 'नाही, चोरटी विक्री वाढेल.' सबळ. परिणाम थेट आणि शक्यतेतला. चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१मध्ये उठवताना हाच मुद्दा पुढे होता.

'हो' आणि 'नाही' दोन्ही सबळ असू शकतात, इथे बहुतेक जण अडकतात. युक्तिवादात 'फक्त', 'सगळेच' असे टोकाचे शब्द दिसले की थबक. गृहीतकांचे प्रश्न (विधानात न सांगता काय धरलंय ते ओळखायचे) इतक्यात उघडूही नकोस. रोज दहाच सोडव, पण प्रत्येकापुढे कारण लिही.