रिपोर्ट ऐकून सून हसली

"मॅडम, मी स्पष्टच बोलतो. ह्या पोरीला काळीज न्हाई."

मंगळवार पेठेतल्या त्या सासूबाई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापुरात बायकाही 'बोलतो', 'जातो' म्हणतात.) शेजारी सून. लग्नाला आठ महिने झालेले. सासूचं वाक्य संपलं आणि ती हसली.

"बघा! बघितलासा?"

ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पण तक्रार मात्र नेहमीची. ओरडलं की मुलगा हसतो, मयताच्या घरी जाऊबाई हसते. 'माणूस असा कसा?' असं विचारत लोक माझ्याकडे समुपदेशनाला येतात, आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं: निगरगट्ट, निर्लज्ज, बिनकाळजाचा.

इथे झालं होतं असं. सासऱ्यांच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले. मुलगा रिपोर्ट घेऊन घरी आला, बायपास करावी लागणार म्हणाला. सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या, चुलत सासरे रडायला लागले, आणि चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली सून हसली. दाबायला गेली तसं आणखी आलं. ट्रे तिथंच ठेवून आत पळाली. पुढे ऑपरेशन झालं, सासरे नीट घरी आले. दवाखान्यात नऊ रात्री कोण झोपलं, हे मी विचारलं तेव्हा कळलं. हीच. पण घरात लक्षात राहिलं ते तेवढं हसू.

खोटं कशाला सांगू, पहिली दहा मिनिटं मलाही सासूबाईंचंच पटत होतं. ते हसू ऐकायला खरंच वाईट होतं. मग मी तिच्या चेहऱ्यावरची नजर काढून हातांकडे नेली. उजव्या अंगठ्याचं नख डाव्या तळहातात रुतवलेलं, तिथं पांढरी चंद्रकोर उमटलेली. मान लाल. हसण्याला आवाज असा नव्हताच, नुसता नाकातून तुटक श्वास. डोळे टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासावर खिळलेले.

आधी शरीराचं विचारून घेतलं. एकटी असताना, काही कारण नसताना हसू फुटतं का? मधेच भान जातं का? कारण काही फिट्स हसण्याच्या रूपात येतात, आणि पक्षाघातानंतर काही जणांना हसू-रडू आवरत नाही. तसं असेल तर समुपदेशन बाजूला ठेवून मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं. तसं काही नव्हतं.

दुसऱ्या भेटीत ती एकटी आली. माहेरी वडील तापट. "रडलं की आणखी बसायचा. दादा रडायचा, त्याला जास्त. मला हसूच यायचं. मग बाबा 'निर्लज्ज कार्टी' म्हणायचे आणि निघून जायचे." म्हणजे हसल्यावर मार थांबायचा. अंगाने ते लक्षात ठेवलं. तिला विचारून नव्हे.

तिची परवानगी घेऊन सासूबाईंना यातलं जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं, आणि एक प्रयोगही सांगितला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या स्टॅन्ली मिलग्रम यांनी 1963 मध्ये छापलेला. 40 पुरुषांना असं भासवलं होतं की बटण दाबलं की पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचा झटका बसतो. प्रत्यक्षात झटका नव्हताच. बटणं दाबताना माणसं घामाघूम झाली, थरथरली, ओठ चावले, आणि त्यातले 14 जण चक्क हसत होते. तिघांना तर अशी उबळ आली की आवरेना. नंतर तीच माणसं कळवळून सांगत होती की आम्हाला मजा वाटत नव्हती हो.

"म्हंजे भ्याल्यावर हसतंय व्हय माणूस?" सासूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या.

हसण्यावरून माणूस ओळखायची सवय आपल्याला जुनीच आहे. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मित आणि हसित उत्तमांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. रंगमंचावर ते सोयीचं आहे, पात्र आलं की प्रेक्षकाला कळायला हवं. स्वयंपाकघरात हीच वर्गवारी लावली की घोटाळा होतो. घरच्यांना हसण्यातून माणूस कळतो, हे मलाही मान्य आहे. फक्त एकाच हसण्यातून नाही.

तिसऱ्या भेटीला दोघी आल्या. मी सासूबाईंना सहज विचारलं, तुम्ही नवी नवरी असताना हसायचात का? "पदराचा बोळा तोंडात घालून," त्या म्हणाल्या. मग एकदमच सुरू झाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याने फिरायला नेलं ते गंगावेशीत, धारोष्ण दूध पाजायला. नवीन पांढरा लेंगा. गवळी धार काढत होता, हे ऐटीत म्हशीच्या मागं उभे. "म्हशीनं शेपटी हाणली न्हवं, बरबटलेली, सपकन् तोंडावर! मी हसलो, तर दोन दिवस अबोला."

आणि खोलीत एक विचित्र आवाज आला. घोरल्यासारखा, घशातून वर चढत गेलेला, मधेच हिसका बसलेला. सून पोट धरून वाकली होती, डोळ्यांतून पाणी. सासूबाई दचकून वळल्या.

"ही अशी हसती?"

आठ महिन्यांत त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

मी एवढंच काम दिलं: पंधरा दिवस, ती हसली की अर्थ लावायचा नाही. समोर कोण होतं, आधी काय घडलं आणि तिचे हात काय करत होते, एवढंच बघायचं. तिला वेगळं काम दिलं. हसू यायला लागलं की दाबायचं नाही, श्वास लांब सोडायचा आणि जमलं तर तोंडाने म्हणायचं, "मला भीती वाटतीय." हे तिला फारसं जमलं नाही. सासरे तर अजूनही म्हणतात, मॅडमनी काहीतरी पढवलंय.

महिन्याभराने सासूबाईंचा फोन आला. सासऱ्यांनी गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणून ताट ढकललं होतं, आमटी फरशीवर, आणि सून पुन्हा हसली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी तिला म्हटलं, हिकडं ये. हात उघड."