पाऱ्याला पुरून उरणारे जिवाणू

प्रश्न : मांडवीकाठच्या खारफुटीतल्या गाळातून वेगळा केलेला जिवाणू न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रावणात) लिटरमागे ५० मिलिग्रॅम मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचा विषारी क्षार) घातले तरी वाढतो. तो पारा नष्ट करतो, असे प्रकल्पात लिहू का?
– एमएस्सीचा विद्यार्थी, ताळगाव

उत्तर : लिहू नका. पारा हे मूलद्रव्य आहे. जिवाणू फक्त त्याचे रूप बदलतो. हे काम 'मेर' जनुकांचे. पारा नसताना मेर-आर हे प्रथिन डीएनएवर बसून ही जनुके बंद ठेवते. पाऱ्याचा आयन त्याला चिकटला की तिथल्या डीएनएचा पीळ किंचित सैलावतो आणि जनुके चालू होतात. मग मेर-पी आयन पकडते आणि मेर-टी त्याला पेशीत घेते. विष मुद्दाम आत ओढायचे, कारण ते निकामी करणारे मेर-ए हे एन्झाइम आणि त्याला लागणारे एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) आतच असते. मेर-ए आयनाला दोन इलेक्ट्रॉन देते. त्याचा धातुरूप पारा होतो आणि वाफ होऊन उडून जातो. मिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या सेंद्रिय रूपातला कार्बन-पारा बंध मात्र आधी मेर-बीने तोडावा लागतो.

आता तुमचे ५० मिलिग्रॅम. ब्रॉथमधल्या पेप्टोनचे (प्रथिनांच्या तुकड्यांचे) गंधकयुक्त गट पारा बांधून ठेवतात, त्यामुळे पेशीला भिडणारा मोकळा पारा कितीतरी कमी असतो. इथेच बहुतेक प्रकल्प फसतात. सेंद्रिय अंश कमी असलेले माध्यम घ्या, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) ५० अंशांपर्यंत थंड करा आणि मगच गाळून निर्जंतुक केलेले पाऱ्याचे द्रावण घाला. मृत पेशींचा नमुनाही ठेवा, कारण मेलेल्या पेशीसुद्धा पारा शोषतात.

वाफ होते का, हे एक्स-रे फिल्मवर दिसते. आधी पाऱ्याचा सौम्य डोस देऊन जनुके जागी केलेल्या पेशी बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घ्या. मायक्रोप्लेटच्या खळग्यांत पाऱ्यासह भरून अंधारात वर फिल्म ठेवा. तासा-दीड तासात काळे ठिपके उमटतात. पारा नसलेला एक खळगा हवाच : खारफुटीतले काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि त्यानेही फिल्म काळवंडते. जोडीला मेर-ए जनुकाचा पीसीआर करा, म्हणजे त्या जनुकाच्या प्रती वाढवून ते आहे का ते तपासा.

सगळे काम फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच). वापरलेले माध्यम सिंकमध्ये ओतू नका, ऑटोक्लेव्हही करू नका, पारा हवेत जाईल. घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या.

प्रश्न : असे जिवाणू नदीत सोडले तर मासळीतला पारा कमी होईल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. मासळीतला पारा मुख्यतः मिथाइल मर्क्युरीच्या रूपात स्नायूंच्या प्रथिनांना जखडलेला असतो. पाण्यातला जिवाणू तिथे पोचत नाही. शिवाय उडालेला पारा हवेतून पुन्हा खाली उतरतो. प्राणवायू नसलेल्या गाळात तर उलटेच घडते : सल्फेटवर जगणारे काही जिवाणू एचजीसी-ए आणि एचजीसी-बी या जनुकांच्या बळावर मिथाइल मर्क्युरी तयार करतात. ही जनुके २०१३ मध्ये ओळखली गेली. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मोरी (शार्क मासा) टाळा, तिच्यात पारा जास्त साठतो. तारली, बांगडे खुशाल खा.