पहिली गाडी, तीही सेकंड हँड : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

लायसन्स नुकतंच हातात आलेल्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे बरेच प्रश्न साचले होते. सगळ्यांचं मागणं साधारण एकच, गाडी छोटी हवी, खिशाला परवडणारी हवी आणि रस्त्यात दगा देणारी नको. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न : मुलीने आत्ताच लायसन्स काढलंय. तिच्यासाठी छोटी जुनी गाडी बघतोय. सगळ्यात भरवशाचं मॉडेल कोणतं? एकच नाव सांगा, दहा नको.

नाव सांगायला काय, टोयोटा यारिस, होंडा जॅझ, सुझुकी स्विफ्ट, ह्युंदाई आय१०, यातली कुठलीही चांगली ठेवलेली मिळाली तर डोळे मिटून नाही पण एक डोळा उघडा ठेवून नक्की घ्या. पण खरं सांगू का, दहा वर्षं जुन्या गाडीत मॉडेलपेक्षा आधीचा मालक जास्त महत्त्वाचा असतो. एकाच महिन्यात फॅक्टरीतून निघालेल्या दोन जॅझ घ्या, एकीचं ऑइल वेळच्या वेळी बदललेलं आणि दुसरीचं "चालतीये ना, मग कशाला" म्हणत ढकललेलं, आज त्या दोन वेगळ्याच गाड्या आहेत. मी तर म्हणेन जॅझच्या नावावर दुर्लक्षित गाडी घेण्यापेक्षा फारसं नाव नसलेली पण सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला लावलेली गाडी घ्या.

नावाऐवजी इंजिन कसं आहे ते विचारा. साधं पेट्रोल, टर्बो नसलेलं, एक ते दीड लिटरच्या मधलं आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. कंटाळवाणं वाटेल पण त्यात बिघडायलाच कमी गोष्टी असतात आणि बिघडलं तरी कुठल्याही मेकॅनिकला जमतं. नंतर विचारायचं की इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवायला टायमिंग चेन आहे का बेल्ट. बेल्ट असेल तर कधी बदलला आणि बिल कुठे आहे, कारण बेल्टला कंपनीने ठरवून दिलेले किलोमीटर असतात आणि वर्षंही असतात, जे आधी होईल ते धरायचं. बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. काही छोट्या टर्बो इंजिनांत तर बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो, चुकीचं किंवा जुनं ऑइल असेल तर तो झिजून त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. असं इंजिन असेल तर बिलं बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

आणि डिझेल? मुलगी रोज लांब हायवेने जाणार नसेल तर नको. नव्या पिढीच्या डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, ती काजळी जळायला गाडी बराच वेळ चांगल्या स्पीडने पळावी लागते. घर ते क्लास, क्लास ते घर एवढंच चाललं की फिल्टर तुंबतो.

प्रश्न : बजेट फारच कमी आहे दादा. एअरबॅग दोन आहेत, म्हणजे सेफ्टीचं टेन्शन नाही ना?

आहे. एअरबॅग ठोकल्यावर कामाला येते, नवीन ड्रायव्हरला त्याआधीची मदत जास्त लागते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा, ते तर हवंच. त्याच्या पुढचं म्हणजे ईएससी, काही कंपन्या त्यालाच ईएसपी म्हणतात. घाबरून स्टिअरिंग एकदम फिरवलं आणि गाडी घसरायला लागली की ते आपणहून एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं, आणि घाबरून स्टिअरिंग फिरवणं ही तर नवशिक्यांची खास सवय. हे तंत्र आधी महागड्या गाड्यांतच असायचं. १९९७ मध्ये मर्सिडीजची अगदी नवीकोरी छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका टेस्टमध्ये, म्हणजे समोर अचानक जनावर आलं तर गाडी झटकन बाजूला काढून परत लेनमध्ये आणायची तसली टेस्ट, त्यात चक्क उलटली, बरीच छी थू झाली आणि मग कंपनीने त्या छोट्या गाडीत ईएसपी सरसकट द्यायला घेतलं. पुढे अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या शेवटापासून सगळ्याच नव्या कारना ते सक्तीचं झालं. इतर ठिकाणी मात्र एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये असतं आणि खालच्यात नसतं, त्यामुळे मॉडेल बघून गृहीत धरू नका. इग्निशन ऑन केलं की मीटरमध्ये घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह पेटून विझतं का ते बघा.

क्रॅश टेस्टचे स्टार बघताना टेस्टचं वर्षही बघा. नियम दर काही वर्षांनी कडक होत गेलेत, २००८ चे पाच स्टार आणि आत्ताचे पाच स्टार यांची तुलनाच होत नाही.

आणखी एक, जे स्वस्त जुन्या गाड्यांत फार जणांच्या लक्षात राहत नाही. टकाटा कंपनीचे एअरबॅग. त्यातलं स्फोटक रसायन वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत राहिलं की खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडून माणसाला लागतात, त्यात लोक गेलेत. बऱ्याच कंपन्यांनी मिळून कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या आणि टकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पण मालकांनी नेल्याच नाहीत अशा गाड्या अजून फिरतायत आणि त्यात छोट्या गाड्याही आहेत. गाडीचा सतरा अक्षरी चेसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या साईटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा की रिकॉलचं काम बाकी आहे का. ते काम फुकट करून मिळतं.

प्रश्न : मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. बघायला गेल्यावर नुसती टायरला लाथ मारून परत येणार मी. काय बघू नेमकं?

टायरला लाथ मारण्याऐवजी टायर वाचा, तिथून बरंच कळतं. कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. आता समजा गाडी चार वर्षांची आहे, मीटरवर किलोमीटर अगदी कमी दाखवतंय आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, तर मूळचे टायर एवढ्यात कसे संपले हे विचारायचं आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघायचा. एका बाजूनेच झिजलेला टायर असेल तर अलाइनमेंट गेलंय, किंवा कधीतरी जोरात ठोकलीय.

पण हे नंतरचं. आधी फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्या गेल्या बोनेटला हात लावा. गरम असेल तर थांबा, चहा घ्या, गार होऊ द्या किंवा परत या. थंड इंजिन खोटं बोलत नाही. चेन सैल असेल तर तिचा खडखड आवाज पहिल्या काही सेकंदांतच येतो, व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रभर झिरपलेलं ऑइल सुरुवातीलाच निळ्या धुराने बाहेर पडतं, गाडी गरम झाली की दोन्ही गायब. धुराचं थोडक्यात सांगतो, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, थंड सकाळी थोडी पांढरी वाफ येऊन थांबली तर काही नाही पण गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट इंजिनात जातंय.

ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट पांढरा चिकट थर दिसला की लोक लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं म्हणून ओरडतात, तसं दरवेळी नसतं, फक्त जवळ जवळ फिरणाऱ्या गाडीत ओलावा साठूनही तो थर येतो. मग डिपस्टिक काढून बघायची, तिच्यावरही ऑइल तसंच दुधाळ असेल तर मात्र नमस्कार करून निघायचं. कूलंटचं झाकण थंड असतानाच उघडा हं, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी सरळ अंगावर येतं.

इग्निशन ऑन करा पण स्टार्ट करू नका. सगळे लाल पिवळे दिवे पेटले पाहिजेत आणि स्टार्ट केल्यावर थोड्या वेळात विझले पाहिजेत. विझला नाही तर प्रॉब्लेम आहेच पण एखादा पेटलाच नाही, खासकरून एअरबॅगचा किंवा इंजिनचा, तर बहुतेक कोणीतरी तो मुद्दाम बंद केलाय.

गाडी मारून बघताना म्युझिक बंद. मोकळा रस्ता असेल तर चौथ्या गिअरमध्ये मध्यम स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला पण गाडी त्या मानाने पळाली नाही तर क्लच स्लिप होतोय. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं का, सरळ रस्त्यावर हात हलके सोडले तर गाडी एकीकडे ओढते का, दुसरा गिअर पडताना खरखरतो का. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, चाकाकडून टक टक टक आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. परत आल्यावर गाडी थोडा वेळ चालूच ठेवा आणि खाली वाकून बघा काही गळतंय का, एसीचं साधं पाणी असेल तर सोडून द्या.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, विकणारे सीट धुतात, मॅट बदलतात, अत्तर मारतात पण बेल्टच्या आत गुंडाळलेल्या टोकावरचा चिखलाचा डाग सहसा विसरतात. तसंच सीटखालच्या रेलचे गंजलेले नट आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात साठलेली माती.

प्रश्न : दोन गाड्या आवडल्यात. एक बारा वर्षं जुनी पण फक्त अठरा हजार किलोमीटर, आजोबांची, घरातच असायची. दुसरी सहा वर्षांची, पण पंच्याऐंशी हजार. पहिलीच घेऊ ना?

थांब जरा. अठरा हजार ऐकायला गोड वाटतं पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात. टायर, बेल्ट, होस पाइप, सस्पेन्शनचे बुश, सगळ्या सिलांना बारा वर्षं झालीयेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, ओलावा शिरला की तीच हद्द १५५ पर्यंत उतरू शकते, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं.

सहा वर्षांत पंच्याऐंशी म्हणजे वर्षाला चौदा हजारांच्या आसपास, ही नॉर्मल वापरलेली गाडी झाली. सर्व्हिसच्या नोंदी सलग असतील तर मी दुसरीकडे झुकेन. आजोबांची गाडी घ्यायचीच असेल तर टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, बेल्ट यांचा खर्च किमतीतून कमी करून माग. आणि अठरा हजार खरे आहेत का तेही बघ, पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेलं आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली असेल तर मीटर मागे फिरवल्याची शंका घे.

प्रश्न : वय पन्नास, आत्ता शिकले. क्लचची भीती वाटते. जुनी ऑटोमॅटिक घेतली तर चालेल का?

चालेल ताई, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कुठली ऑटोमॅटिक ते विचारा. जुना साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स, ज्यात क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचते, तो ॲव्हरेज थोडं कमी देतो पण टिकतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, गर्दीत छान, मात्र त्याचं ऑइल बदलल्याचा पुरावा हवा, "लाईफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, क्लच मशीन दाबतं, त्यामुळे क्लच झिजतोच आणि गिअर बदलताना मानेला हलका झटका बसतो. ड्राय क्लचवाला ड्युअल क्लच (दोन क्लच आळीपाळीने चालतात, तेही ऑइलशिवाय कोरडे) मी जुन्या गाडीत, पहिल्यांदा घेणाऱ्याला, सुचवणार नाही, ट्रॅफिकमध्ये तापतो आणि दुरुस्ती महाग. बघताना ब्रेक दाबून पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), डी (ड्राइव्ह) असे गिअर टाका, गाडी एक दोन सेकंद विचार करून मग धप्पकन पकडत असेल तर सोडा.

प्रश्न : इंजिन लाइट आधी लागायची म्हणे, विकणारा म्हणतो सेन्सर होता, आता क्लिअर केलंय. खरं असेल का?

असेलही, पण गाडीच्या कंप्युटरने नोंदलेला बिघाडाचा कोड पुसायला मिनिट लागतं आणि दुरुस्तीला पैसे लागतात. एक स्वस्त ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून हे कोड वाचणारं यंत्र, घ्या किंवा मेकॅनिकला आणायला सांगा. नुसते कोड नका बघू, रेडिनेस मॉनिटर बघा. कोड पुसले की गाडीच्या कंप्युटरच्या या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि काही दिवस वेगवेगळ्या प्रकारे चालवल्यावरच परत पूर्ण होतात. दोन तीन "अपूर्ण" दिसत असतील तर एवढ्यात कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. त्यांना म्हणा, आठवडाभर चालवा, मग परत स्कॅन करून घेतो.

प्रश्न : जेवढे साठवलेत तेवढ्याचीच गाडी मिळतीये. घेऊन टाकू?

नको. इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च आणि पहिली सर्व्हिस कुठून देणार? साठवलेल्यातला पाचवा हिस्सा बाजूला काढून उरलेल्यात शोध. एखादा ओरखडा असलेली, रंग उडालेली गाडी त्यातच बसते, आणि पहिल्या वर्षात तू पार्किंगमध्ये एक दोन ओरखडे स्वतः काढणारच आहेस.

प्रश्न : ओनर चांगला वाटतो, पेपरही ओके. पण मेकॅनिक आणतो म्हटलं तर म्हणतो माझ्यावर विश्वास नाही का, आणि दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय.

येऊ दे त्या गिऱ्हाइकाला. तपासणीचे पैसे तुम्ही देताय, त्याचं काही जात नाही, मग नाही म्हणायचं कारण काय? एकदा नम्रपणे सांगून बघा की मेकॅनिक इथेच येईल, अर्धा पाऊण तास लागेल, ठीक निघाली तर तिथेच टोकन देतो. तरी नाही म्हणाला तर पुढची गाडी बघा. आणि हो, तोपर्यंत ॲडव्हान्स म्हणून काही पाठवलं असेल तर आजच परत मागा.